मानेवरचा नंबर

कल्लप्पाने हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर पांढरा कागद ताणून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला सुरुवात केली. आरटीओच्या कामांचा एजंट तो. लोखंडात ठोकलेला चेसिस नंबर असा घासला की कागदावर उमटतो. तो छाप गाडीतले बदल नोंदवायच्या अर्जाला जोडायचा, साहेबाने गाडीभोवती एक चक्कर मारायची, सुटला विषय. पेन्सिल फिरत राहिली, कागद काळा होत गेला. नंबर काही येईना.

"काका, नंबर दुसऱ्या बाजूला हाय का?"

"हीच बाजू," गुरुलिंग म्हणाला. "नख फिरवून बघ. कुटं अडकलं तर नाव बदलतो."

कल्लप्पाने नख फिरवलं. कुठंच अडकलं नाही.

गुरुलिंगने आयुष्यात तिघांच्याच कामाला चांगलं म्हटलं होतं. त्यातले दोघे वारलेले, तिसरा तो स्वतः. चाळीस वर्षं यंत्रमागांचे सुटे भाग हाताने घडवले. माग भंगारात गेले तसा तो खिडक्यांच्या जाळ्यांवर आला, आणि जाळ्या करताना कुणाशी धड बोलेनासा झाला. मग वळसंगचा आदिनाथ, पुण्यात नोकरीला असलेला, आपली जुनी मोटारसायकल घेऊन आला. हिची कॅफे रेसर करायची म्हणाला, मोबाइलवर फोटो दाखवले. बुटकं हँडल, लांब टाकी, एकट्याचं सीट, आणि बसणारा देवाला वाकल्यासारखा पुढं वाकलेला. गुरुलिंगने फोटो बघितला आणि म्हणाला, "ह्याची टाकी चुकलीया."

त्याला चौदा महिने झाले. टाकी वाळूच्या पिशवीवर सपाट पत्रा ठोकून काढली. सीटचं कुबड, पायाची दांडकी, दिव्याचं कडं, सगळं घरचं. इंजिन आणि चाकं तेवढी कंपनीची, आणि त्यांच्याकडे तो सवतीच्या पोरांकडे बघावं तसा बघायचा. आदिनाथच्या चार मित्रांच्या गाड्या पुण्यात थांबल्या होत्या. ही पास झाली की एकेक येणार. गुरुलिंगने शेडमध्ये त्यांच्यासाठी खडूने चार जागा आखूनही ठेवल्या होत्या, आणि जाळीच्या दोन गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवलं होतं.

आदिनाथ व्हिडिओ काढत होता. त्याने मोबाइल खाली केला. "काका, इथं नंबर होता ना?"

"व्हता की. एक आकडा वर, एक खाली. लोखंडाला देवी आल्यावानी दिसत व्हतं. पितळ भरलं अन् कानस मारली. तीन दिवस लागले." तीन दिवस म्हणताना त्याचा आवाज अजून तालेवार होता.

कल्लप्पा उलट्या डब्यावर बसला. "काका, सरकारच्या लेखी तेवढीच गाडी व्हती. बाकी तुमी केलं ते सगळं सामान."

"म्हंजे?"

"नंबर घासलेली गाडी म्हंजे चोरीची. साहेबाम्होरं नेली तर आधी हे आत जातील." त्याने आदिनाथकडे बोट केलं.

"परत मारून मिळत नाही का?" आदिनाथने विचारलं.

"मिळतो. पोलीस चौकी, अर्ज, परवानगी, तपासणी. पण फ्रेम मागनं कापलीया. ती बघून सही कोण करतंय?"

गुरुलिंग आत गेला आणि पत्र्याची पेटी घेऊन आला. आकड्यांचे पोलादी पंच, वडिलांच्या वेळचे. "आरसीवर नंबर हाय. मी मारतो. अर्ध्या तासाचं काम."

कल्लप्पाला हसू आलं, पण ते त्याने गिळलं. "ते खोटं व्हईल, हे सोडा. खऱ्याखोट्याचं मी काय बोलू, माझा जन्म साहेबाच्या दारात गेला. पण तुमचा नंबर सरळ येणार, काका. कंपनीचा कधी सरळ नसतो. साहेब लांबनंच वळखंल."

आदिनाथ टाकीवरून एकदा हात फिरवत म्हणाला, "असू दे काका. बघू." 'बघू' म्हणून गेलेलं माणूस परत आल्याची एकही नोंद गुरुलिंगच्या चाळीस वर्षांत नव्हती. दोघे कल्लप्पाच्या स्कूटरवर बसून गेले. गाडी तशीच राहिली.

गुरुलिंगने भंगारातल्या पट्ट्या काढल्या. पहिल्या पट्टीवर नंबर मारला, सरळ आला. दुसरीवर पंच मुद्दाम तिरका धरला. घाव बसायच्या आत करंगळीने त्याला सरळ केलं. तिसरीला हातोडी डाव्या हातात घेतली. चौथीला डोळे मिटले. मग उभ्यानं मारून बघितलं, घाईनं मारून बघितलं, शिव्या देत मारून बघितलं. सातव्या पट्टीवर त्याने मोजपट्टी लावली. सगळे आकडे एका रेषेत, मधली अंतरंसुद्धा सारखी. त्याने हातोडी जमिनीवर ठेवली आणि पालथ्या हाताकडे बघत बसला.

बायको महादेवी विड्या देऊन कारखान्यातून आली, तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने पट्टी उचलली, पदराने पुसली आणि दाराच्या उजेडात धरली.

"अगं बाई! कसं वळीनं बसलंय, वो," ती म्हणाली. "कंपनीला तरी जमंल का असलं?"