काळी काच

"आजही मान वळवली नाही बयेने." फुआतिनोने स्वतःशीच पुटपुटत उकडलेल्या तारो-कंदांचं ताट पुढ्यात ओढलं. "घसा फोडून जेवायला बोलावलं. माझं नवं घर खुपतंय तिच्या डोळ्यांत."

मालाए खिडकीसमोरून दुकानाकडे निघून गेली होती. जेवणवेळी रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची, हे सामोआत बोलायला लागलेल्या पोरालाही कळतं. जुन्या घराला नुसते खांब होते, भिंतीच नव्हत्या. मालाए दिसली की फुआतिनो हाक मारायची, आणि मालाए बरेचदा येऊन बसायची. बालमैत्रीण ती. नव्या घरात आल्यापासून मात्र अबोला.

सून सोसे पाव घेऊन आली. "मालाएमावशी भेटल्या वाटेत. म्हणाल्या, तुझ्या सासूला खिडक्या काय आल्या, तोंडाला कुलूपच लागलं. दारावरून जाते तरी 'ये' म्हणत नाही."

"मी? अगं, रोज ओरडतेय मी."

"तुम्ही आत ओरडता, आई. बाहेर काही ऐकू येत नाही. दिसतही नाही. काचेत आपलंच तोंड दिसतं."

फुआतिनोने हातातला घास ताटात ठेवला. घर बांधताना आपिया शहरातल्या दुकानात मुलगा एतुआले झडपांच्या खिडक्यांपाशी अडून बसला होता. "या घे, आई. वारा येईल, रस्त्यावरच्या माणसाशी बोलता येईल." तिनेच त्याला उडवून लावलं. पाद्रीबाईंच्या घराला आरशासारखी काळी काच, न उघडणारी, मग आपल्याला का नको? कुठून बुद्धी झाली, असं आता तिला झालं.

तेवढ्यात मालाए परतताना दिसली. तिच्या कानामागचं फूल घसरलं होतं. ती वाट सोडून सरळ खिडकीशी आली, एक हात काचेला टेकवला आणि दुसऱ्याने फूल नीट खोचू लागली. तिचं तोंड फुआतिनोपासून वीतभर अंतरावर होतं. केवढी पिकलीय ही, फुआतिनोला वाटलं.

"मालाए, ये गं, जेवायला ये!" तिने दोन्ही मुठींनी काच बडवली.

मालाए दचकून मागे सरली. तिने काचेवर उमटलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. मग कमरेच्या कापडाचं टोक ओढून ते डाग पुसून काढले, आणि खाली मान घालून झपाझप निघून गेली.