तिला ठाऊक असलेला रस्ता

घड्याळजींची बायको म्हणजे स्वतःच्या आळीतसुद्धा हमखास रस्ता चुकणारी बाई. म्हणून सुट्टीत दोघं पहिल्यांदाच महानगर बघायला निघाली, तेव्हा घड्याळजींनी नकाशा तोंडपाठ करून टाकला.

पण स्टेशनाबाहेर पडताच तीच पुढे झाली. "अहो, ठेवा तो कागद खिशात. इकडून जवळ पडतं."

"वा! तू गं कधी आली होतीस इथं?" घड्याळजी हसले.

उन्हं साईसारखी मऊ होती आणि बायको पाण्यावरून चालावं तशी अलगद वळणं घेत होती. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यानं हाक मारली, "वहिनी, तुमचं राहिलंय की!" आणि एक चिमुकला पिवळा स्वेटर पुढे केला. तिनं तो सवयीनं खांद्यावर टाकला.

घड्याळजींच्या घरात पाळणा कधी हललाच नव्हता. त्यांनी घाईनं तिचा हात धरला. तो सुटला कधी, ते कळलंच नाही.

एका दारापाशी ती थांबली. पर्समधून किल्ली काढली. किल्ली फिरली.

"आई, बाबा आलेत का गं बरोबर?" आतून आवाज आला.

तिनं वळून घड्याळजींकडे मायेनं, आठवून आठवून पाहिलं.

"नाही रे राजा," ती म्हणाली, "रस्ता चुकलेलं कुणीतरी आहे."