सैल न पडणारा कपडा

त्या लवचिक धाग्यासाठी तिने सहा वर्षं हाडाची काडं केली होती. ताणला की दुप्पट व्हायचा, सोडला की पुन्हा होता तेवढा. प्रयोगशाळेतल्या यंत्राने तो हजारदा ताणून पाहिला, पण खरी परीक्षा माणसाच्या अंगावरच. म्हणून टी-शर्ट-पायजम्याचे पहिले चार जोड तिने बाबांना दिले. बाबा जन्मभर शिंपी. त्यांनी कपडा उलटून शिवण पाहिली आणि हसले, “पोरी, शिंप्यांच्याच पोटावर पाय देतेस की! आता कपडे अल्टर करायला येणार कोण?”

पुढे आठ महिने दर रविवारी ती यायची. बाबांना खिडकीपाशी उभं करायची, खांद्यावर, कमरेवर कपडा चिमटीत धरून बघायची आणि वहीत लिहायची, ‘कुठेही सैल नाही.’ मग उभ्या उभ्या चहा, की निघाली.

आज डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. “अकरा किलो वजन उतरलंय यांचं. इतक्या उशिरा आणलंत? निदान कपडे सैल व्हायला लागले, तेव्हा तरी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.”

वही पर्समध्येच होती. तिने पर्स पोटाशी घट्ट धरली.

उत्तर बाबांनीच दिलं, तेही मान ताठ करून.

“सैल होतील कसे, डॉक्टर? धागा माझ्या लेकीने बनवलाय.”