काकूंचा गळका नळ

नवा नगरसेवक काकूंच्या न्हाणीघरात उकिडवा बसला होता आणि त्याचा नवाकोरा पांढरा शर्ट दाराच्या कडीला लटकत होता. अकरा वाजता नगरपालिकेची पहिली बैठक होती. याला मात्र नेमका आजच शेजारच्या काकूंचा गळका नळ आठवला होता.

तसा निवडून आल्यापासून त्याने नळदुरुस्तीचा धडाकाच लावला होता. कुणाची टाकी, कुणाचा फ्लश, आणि पैशाचं नाव काढायचं नाही. लोकांनी मत दिलंय, त्याची जाण नको? प्रचारात एकही भाषण त्याला धड जमलं नव्हतं. पण प्लंबर म्हणून गल्लीतल्या घराघरातला नळ त्याच्या हाताखालून गेलेला, त्या जोरावर गडी निवडून आला होता.

काकूंनी दारात स्टूल टाकलं आणि बैठकीचं काय म्हणून विचारलं. तिथे सगळी बोलणारी माणसं, आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असं त्याने नळाकडे बघतच सांगितलं. मग पाना त्याच्या हातातच राहिला.

"खरं सांगू का काकू? भीती वाटते. तिथे तोंड उघडलं की माझी त-त-प-प होणार. इथे निदान हात तरी चालतात."

काकूंचा त्याच्यावर जीव होता, आणि म्हणूनच त्यांनी त्याची समजूत घालत बसायचं टाळलं. त्यांनी पाना त्याच्या हातून काढून घेतला, हत्यारांची पिशवी उचलली आणि दोन्ही वस्तू कपाटात टाकून वर कुलूप लावलं. मग एक रिकामी बाटली नळाखाली धरून भरली. पाणी रोजच्यासारखंच चहाच्या रंगाचं आलं.

"नळ काय, कुणीही दुरुस्त करेल रे. रस्त्याखालच्या पाइपातून सगळ्या गल्लीला हे असलं पाणी येतं, त्यासाठी तुला मत दिलंय. भाषण नको करूस. ही टेबलावर ठेव आणि विचार, कोण पिणार म्हणून."

त्याला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. शर्टाची बटणं त्याने वरखाली लावली. काकूंनी ती सगळी सोडून पुन्हा नीट लावून दिली.

निघताना हात सवयीने खांद्यावरच्या पिशवीकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. त्याने बाटली छातीशी धरली. आत नळ टपटपतच होता, आणि ते काही त्याला सोसवेना.

"काकू, एवढा वायसर तरी बदलून जातो. पाणी वाया जातंय."

"गढूळच तर जातंय, जाऊ दे," काकू म्हणाल्या. "स्वच्छ यायला लागलं की ये. मग एक थेंब वाया जाऊ देणार नाही."