गढूळ नळी

अनुपमाने नळी खिडकीसमोर धरली आणि तिचं तिलाच हसू आलं. आत काहीच दिसत नव्हतं. अगदी निवळशंख.

"झालं सर!"

तिचे पीएचडीचे गाइड दिनकरराव यांनी नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "काय झालं? ह्यात तर नुसतं पाणी हाय."

"पिशव्या आहेत सर. साध्या मायक्रोस्कोपमध्येही दिसत नाहीत इतक्या बारीक. सगळे जंतू निघून गेले."

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जंतू अंगातून या पिशव्या बाहेर टाकतात. जंतू काढून टाकून नुसत्या पिशव्या बियाण्याला लावायच्या, असा परभणीतल्या त्या प्रयोगशाळेचा प्रकल्प होता. दोन वर्षं अनुपमा जंतूंचं पाणी यंत्रात गरगर फिरवत होती, गाळत होती, पुन्हा फिरवत होती. आज बियाणे कंपनीचे साहेब यायचे होते. त्यांना पटलं तर पैसे चालू राहणार; नाहीतर प्रकल्प बंद आणि तिची पीएचडी अर्धवट.

"साहेबाला काय सांगू? पोरगी दोन वर्षं झाली पाणी गाळायलीय म्हणून? दिसायला पाहिजे काई तरी." दिनकररावांची नजर टेबलावर फिरली. "त्या दुसऱ्या नळीच्या बुडाशी पांढरं काय हाय?"

"साका आहे सर. पहिल्या फेरीतच खाली बसलेले जंतू. फेकायचाय."

"फेकू नको. पाण्यात हलव अन् ठेव समोर."

"अहो सर, तेच तर आपण काढून टाकलंय!"

"मग तू बोल साहेबाशी. पीएचडी तुझी राहिलीय. माझी झाली कवाच."

या वाक्यापुढे आपल्याकडे भलेभले नमतात. तीही नमली. तिने साका पाण्यात हलवला, तो ताकासारखा झाला. नळीवर 'शुद्ध पिशव्या' अशी चिठ्ठीही तिनेच चिकटवली. स्वतःची किळस आली तिला, पण अक्षर मात्र सुरेख आलं.

साहेब आले. शाल-श्रीफळ झालं, चहा झाला. त्यांनी ती नळी उजेडात तिरकी केली.

"वा! केवढं दाट निघालंय!" नळीसोबत त्यांनी फोटो काढून घेतला. "आता प्रकल्प थांबवायचं कारणच नाही."

तरी माणूस अगदीच अडाणी नव्हता. नळी खाली ठेवता ठेवता तो अनुपमाकडे वळला.

"मॅडम, यात जंतू नाहीत ना? आम्हाला नुसत्या पिशव्या पाहिजेत."

दिनकरराव पंख्याकडे बघायला लागले. उत्तर तिलाच द्यायचं होतं.

"एकही नाही सर," अनुपमा म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही.

दिनकररावांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच तिचं कौतुक केलं.

"लय हुशार हाय आमची पोरगी."