नऊ वर्षांचा रिकामा हात

"शंभर वर्षांत ही ज्योत एकदाही विझलेली नाही," असं आन्सेल्म पेरुशो यांनी जाहीर केलं आणि ते सणसणीत शिंकले. मेणबत्ती विझली. कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या क्लोदिनबाईंनी खिशातून काडेपेटी काढून ती पुन्हा पेटवली. जमलेल्या अकरा शिष्यांनी तेवढा वेळ अदबीने छताकडे पाहिलं.

फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या विणकरवस्तीतल्या या माळ्यावर पेरुशोंनी एका जुन्या ख्रिस्ती गूढपंथाला नवा जीव दिला होता. पंथाचा नियम एकच. दीक्षा पोथीतून मिळत नाही. दीक्षिताचा जिवंत हात डोक्यावर पडावा लागतो. राज्यक्रांतीत पंथ पांगला, तरी हात एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जात राहिला. शेवटचा हात म्हाताऱ्या बार्तेलमी विणकराचा. तो पेरुशोंच्या डोक्यावर पडला, असं सगळे मानत.

पडला नव्हता. म्हाताऱ्याने मरणशय्येवरून बोलावणं धाडलं तेव्हा पेरुशो खानावळीत होते. पुढ्यात माशाचे गरम मुटके नुकतेच आले होते. ते संपवून निघाले आणि पोचले तोवर म्हातारा गार झाला होता. तेव्हापासून नऊ वर्षं ते लोकांच्या डोक्यांवर रिकामा हात ठेवत होते, आणि मासा त्यांना पचत नव्हता.

त्या दुपारी शिष्य पांगल्यावर त्यांना राहवेना. क्लोदिनबाई पूर्वी म्हाताऱ्याकडे स्वयंपाकाला होत्या. शेवटच्या घटकेला उशाशी त्याच होत्या. पेरुशोंनी त्यांच्यापुढे सगळं कबूल करून टाकलं.

"ठाऊक आहे मला," बाई झाडता झाडता म्हणाल्या. "आलात तेव्हा मिशीला सॉस होता तुमच्या."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुमची वाट बघून बघून म्हातारबाबा कंटाळले. शेवटी माझंच डोकं धरून पाव तास काहीबाही पुटपुटले. मला वाटलं, ताप डोक्यात गेला."

पेरुशोंना उमगलं. ज्योत विझली नव्हती. नऊ वर्षं ती त्यांचाच माळा झाडत होती.

ते मटकन गुडघ्यांवर बसले, मान खाली घातली आणि बाईंना म्हणाले, "ठेवा हात."

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला, हात पुसला आणि त्यांच्या टकलावर ठेवला. आठवलं तेवढं पुटपुटल्या. पेरुशोंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता खाली बसलाच आहात, तर कपाटाखाली माझं शिवणाचं अंगुस्तान गेलंय, तेवढं काढून द्या."