टिंबापुढचे पाच

पेटीच्या पडद्यावर तापमान ३४ होतं. काल ३४.५ होतं.

तो काचेला नाक लावून उभा होता. आत त्याची मुलगी झोपली होती. अकरा दिवसांची, दीड किलोलाही थोडी कमी. पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

"भाऊजी, बाळ इकडे आहे," मेहुणी म्हणाली. "तुम्ही काय टीव्ही बघायला आलाय?"

"थांब जरा."

सकाळी सिस्टरने बाळाला दुसऱ्या, धुऊन-पुसून ठेवलेल्या पेटीत हलवलं होतं. पेटी चालू होताना पडद्यावर एक पान झळकलं. वर कंपनीचा हेल्पलाइन नंबर. खाली बारीक अक्षरात, आत कोणाकोणाचं सॉफ्टवेअर वापरलंय त्याची यादी. असली पानं कोणी वाचत नाही. त्याने वाचलं. चौथ्या ओळीत त्याची स्वतःची लायब्ररी होती, इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड. आवृत्ती १.४.

पहिल्या सेकंदाला छाती फुगली. दुसऱ्या सेकंदाला त्याने आवृत्तीचा आकडा पुन्हा वाचला.

ही लायब्ररी त्याने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून लिहिली होती. सी ही प्रोग्रामिंगची भाषा तो तिथेच शिकला, आपला आपण. काम साधं. दुसऱ्याच्या प्रोग्रामची सेटिंग्ज सांभाळायची. प्रत्येक सेटिंगला एक नाव आणि एक प्रकार: पूर्णांक, दशांश, हो-नाही, नाहीतर मजकूर. फुकट होती, कोणीही उचलून वापरावी.

"मग बिघडलं काय?" त्याच्याकडून हे ऐकून मेहुणीने विचारलं.

"१.४ मध्ये चूक होती. समज, सेटिंगचा प्रकार पूर्णांक लिहिलाय आणि कोणी ३४.५ भरलं. तर लायब्ररीने ओरडायला हवं ना, की बाबा, हे बसत नाही? ती ओरडायचीच नाही. टिंबापुढचं गुपचूप गिळायची आणि ३४ धरून चालायची."

मेहुणीने पडद्याकडे बघितलं. आता तीही हसेना.

"कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी. कोणीतरी इंटरनेटवर, काजवा या टोपणनावाने. दोन पानं भरून लिहिलं होतं, अगदी पुराव्यासकट."

"मग?"

"मी लिहिलं, वापरणाऱ्याने प्रकार नीट लिहावा, ही माझी चूक नाही. पटत नसेल तर दुसरी लायब्ररी शोधा."

"छान. आणि घरी म्हणता, मी कोणाला उलट बोलत नाही."

"चार महिन्यांनी कळलं, त्याचंच बरोबर होतं. १.५ मध्ये नीट केलं. माफीही मागितली. त्याचं उत्तर आलं नाही."

त्याने हेल्पलाइनला फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा लावला. तेच. अकरा दिवसांचा जीव ज्या पेटीत ठेवलाय, त्या पेटीवरचा नंबरसुद्धा खरा नाही.

तो सिस्टरकडे गेला. "मशीन बघायला कोण येतं? आत्ता बोलवा."

"मॅडम येतात कंपनीच्या. खालच्या मजल्यावरच आहेत. काय झालं?"

"त्यांनाच सांगतो."

मॅडम आल्या. चाळिशीच्या, खांद्याला हत्यारांची पिशवी, चष्मा कपाळावर. त्याने आडपडदा ठेवला नाही.

"ही पेटी बदला. आतलं सॉफ्टवेअर अर्धा अंश खातंय. मला माहितीये, कारण ते मीच लिहिलंय."

मॅडमनी चष्मा खाली घेतला. त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पडद्याकडे. मग सिस्टरला विचारलं, "तापमान कोणी बदललं?"

"मीच. डॉक्टरांनी सकाळच्या राउंडला सांगितलं, ३४ करा. वजन वाढलंय ना, आता तिची ती ऊब धरायला लागलीय." सिस्टर त्याच्याकडे वळली. "तुम्ही मला विचारलंच नाहीत. सकाळपासून पडद्यावरचं वाचताय नुसते."

"मी तेच म्हणत होते," मेहुणी म्हणाली. "बाळाकडे बघा."

त्याने बघितलं. गाल खरंच जरा भरले होते. तो मिळेल त्या स्टुलावर बसला. मेहुणीने पाण्याची बाटली पुढे केली, त्याने निम्मी रिकामी केली.

पण डोकं थांबेना.

"मॅडम, आज ठीक आहे. पण पुढच्या वेळी डॉक्टर ३३.५ म्हणाले तर? ते टिंबापुढचे पाच जाणारच."

मॅडम कोपऱ्यातल्या रिकाम्या पेटीशी गेल्या. ३३.५ लावलं. पेटी बंद केली, पुन्हा चालू केली. तेच पान झळकलं, तीच चौथी ओळ, आवृत्ती १.४. मग आकडा आला.

३३.५.

"हे कसं शक्य आहे?" तो उठून उभा राहिला. "१.४ मध्ये हे येऊच शकत नाही."

"त्या पानावरचा फोन लावून बघितलात?"

"लागत नाही."

"नाहीच लागणार. ते पान कितीतरी वर्षांत कोणी बदललंच नाहीये." मॅडमनी पिशवीची चेन लावली. चेनच्या टोकाला एक छोटा प्लास्टिकचा काजवा लटकत होता. "तुम्ही लिहिलं होतं ना, पटत नसेल तर दुसरी लायब्ररी शोधा?"

त्याने मान हलवली.

"त्याच आठवड्यात शोधली."